ग्लासातली रेघ

६ ऑक्टोबर

अखेर ताप उतरला. अकरा दिवस अंथरुणात पडून होतो. बायको म्हणाली, माझं डोकं खाऊ नका, काय बडबडायचं ते या वहीत बडबडा. म्हणून ही वही.

आज सकाळी तिने दूध गॅसवर ठेवलं आणि "लक्ष ठेवा" म्हणून कपडे वाळत घालायला गेली. मी ओट्याला पाठ करून भिंतीवरचं घड्याळ खोलून बसलो होतो. ती आली तेव्हा पातेलं काळं ठिक्कर पडलेलं. खिडकी उघडी होती, धूर बाहेर गेला असेल, मला काय माहीत? ती म्हणाली, "अहो, चेहऱ्यावर हे नाक आहे ते काय शोभेला?"

हे तिने मला म्हणावं! आमच्या फ्लाइंग क्लबमध्ये माझ्या नाकाचा दबदबा आहे. एकोणतीस वर्षं त्या हँगरमध्ये काढलीत. विमानाच्या इंजिनातून कुठे तेल गळतंय ते मी दारात उभा राहून सांगतो. पण घरात मला कोण विचारतो. पातेलं मात्र मीच घासलं.

१४ ऑक्टोबर

कामावर रुजू झालो. हँगरचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, त्यामुळे छोटं विमान तीन दिवस बाहेर पावसात उभं. ताडपत्री टाकलीय, पण वारा तिला राहू देत नाही.

भाचीचं पत्र आलं! म्हणजे मोठ्या विमान कंपनीकडून तिला आलं, नोकरीचं. एक डिसेंबरला हजर व्हायचं. माझ्या बहिणीची ही एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा विमानात बसवलं तेव्हा बहीण महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. आता सगळीकडे सांगत फिरते, माझी मुलगी पायलट. रविवारी भाची मला एक चक्कर मारून आणणार आहे. म्हणाली, "मामा, मोठ्या विमानात गेल्यावर तुला शेजारी कोण बसू देणार? आत्ताच ये."

घरी बायको दोन दिवस म्हणतेय कपाटामागे उंदीर मेलाय. तिच्या समाधानासाठी कपाट ओढलं. निघाला. एवढासा उंदीर आणि केवढा गाजावाजा.

२० ऑक्टोबर

हॉस्पिटल. उजवी मांडी मोडलीय, पाय वर टांगून ठेवलाय. मानेला पट्टा. डोक्याला नऊ टाके. जिवंत आहे. आज पेन धरता येतंय म्हणून लिहितो.

रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल ग्लासात काढलं. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी हे करायचंच असतं. पाणी जड, ते तळाशी बसतं आणि पेट्रोल वर राहतं. टाकीत पाणी शिरलं असेल तर ग्लासात मध्ये रेघ दिसते. मी ग्लास उजेडाकडे धरला. रेघ नव्हती. नाकाशी नेला. "शुद्ध!" म्हणालो आणि भाची चढली. नियमाने पायलटनेही बघायचं असतं. पण मी शुद्ध म्हटल्यावर आमच्या क्लबात कुणी बघत नाही.

उडून तीन-चार मिनिटं झाली असतील. ती मला वरून आमचं घर दाखवत होती. इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. समोरचा पंखा उभाच्या उभा थांबला. एकोणतीस वर्षं मी इंजिनं दुरुस्त करतोय आणि त्या इंजिनापासून हातभर अंतरावर बसून मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. नुसता वाऱ्याचा आवाज. भाची म्हणाली, "मामा, पट्टा घट्ट कर." मग ती स्वतःशीच एकेक काम मोठ्याने म्हणत गेली, पाठ म्हटल्यासारखं. तारा टाळल्या. रस्ता टाळला, रस्त्यावर माणसं होती. एक नांगरलेलं शेत निवडलं.

खरं लिहायचं तर यापुढचं मी पाहिलं नाही. डोळे मिटून घेतले होते. दोन्ही हातांनी सीट धरून मी बायकोला हाका मारत होतो म्हणे.

चाकं टेकली, पुढचं चाक ढेकळांत तुटलं, आणि विमान शेताच्या कडेच्या पाण्याने भरलेल्या चारीत तोंडावर पडलं. टाकी फुटली. भाचीचा खांदा निखळला होता, तरी तिने एका हाताने माझा पट्टा सोडवला. ओरडत होती, "मामा, सगळीकडे पेट्रोल सांडलंय, हल! पेट्रोल!" मला तर नुसता चिखल आणि गार पाणी जाणवत होतं. मी म्हणालो, "कुठंय पेट्रोल?" त्यावर ती क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. मग ओढत बाहेर काढलं.

तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी विमान असं खाली आणलं असतं तर मी सलाम केला असता. मामा म्हणून मी फक्त रडलो.

२२ ऑक्टोबर

हे हॉस्पिटल फार स्वच्छ ठेवलंय. हॉस्पिटल म्हटलं की तो औषधांचा दर्प आलाच, इथे तसलं काही नाही. जेवण मात्र पुठ्ठ्यासारखं. सूप, अंडं, पाव, सगळ्याची एकच चव.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांच्या पायाची जखम चिघळलीय. सज्जन माणूस. त्यांना भेटायला येणारे मात्र नाकाला रुमाल लावून बसतात. एवढा अपमान! मी एका बाईला बोललो तसं. पोस्टमास्तरच मला म्हणाले, "जाऊ द्या हो मिस्त्री. तुम्ही एकटेच रुमाल न लावता बोलता, तेवढं पुरे." त्यांचे डोळे भरून आले होते.

दुपारी चौकशीचे साहेब आले. बारीक आवाजाचा माणूस, मांडीवर फाईल. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, पेट्रोल तपासलं होतं का. मी म्हणालो, साहेब, मी स्वतः पाहिलं, वास घेतला, शुद्ध होतं. दोन, पायलटच्या गुडघ्याजवळची पेट्रोलची चावी, म्हणजे इंजिनाकडे जाणारं पेट्रोल तोडायची, बंद स्थितीत सापडली, ती इंजिन थांबायच्या आधी बंद झाली की नंतर?

आता उतरण्याआधी चावी बंद करायचीच असते, आग लागू नये म्हणून. भाचीने तेच केलं असणार. पण साहेब म्हणाले, "तुम्ही पाहिलंत?" काय सांगू? डोळे मिटले होते.

साहेबांनी लिहून घेतलं. इंजिन, नळ्या, सगळं चारीच्या पाण्यात बुडालेलं, टाकी फुटलेली, त्यातून काहीच सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले. "म्हणजे राहता राहिली चावी. गुडघा लागून बंद झाली असू शकते. तुमचं पेट्रोल शुद्ध होतं ना नक्की?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

२५ ऑक्टोबर

भाची आली, हात गळ्यात बांधलेला. माझ्या डोक्याशी बसली. मला मान वळवता येत नाही. म्हणाली, "मामा, ओळख, तुझ्यासाठी काय आणलंय?"

"मला दिसत नाही तर कसं ओळखू?"

"अरे, सोललंय मी ते. इथेच तुझ्या कानाशी. ओळख ना."

लहानपणी हे खेळ मी तिच्याशी खेळायचो. म्हटलं, बिस्किटं. तिने संत्र्याच्या दोन फोडी माझ्या हातात दिल्या. तिचा हात गार पडला होता. मी विचारलं, खांदा दुखतोय का? हो म्हणाली.

मी तिला धीर दिला. सांगितलं, साहेबांना मी ठासून सांगितलंय, पेट्रोलचा प्रश्नच येत नाही. ती म्हणाली, "हो मामा." आणि लगेच निघाली. येऊन पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

संध्याकाळी पोस्टमास्तर म्हणाले, संत्री चांगली होती हो तुमची, जीव हलका झाला. मी त्यांना एक फोडही दिली नव्हती. म्हाताऱ्याला भ्रम होतोय बहुतेक.

२९ ऑक्टोबर

बहीण आली होती. उभीच राहिली. "दादा, तू तिच्या बाजूला बसला होतास. तूच सांगू शकत नाहीस तर दुसरं कोण सांगणार?"

मी म्हणालो, मी खोटं कसं सांगू, माझे डोळे मिटले होते.

"मग पेट्रोलबद्दल एवढं छातीठोकपणे कसं सांगतोस?"

"ते मी पाहिलं होतं."

ती गेली. पाय टांगलेल्या माणसाला कुणाच्या मागे जाताही येत नाही. छताच्या पंख्याकडे बघत पडून राहिलो. त्याची एक पाती वाकलीय. स्टूल आणि पक्कड मिळाली तर दोन मिनिटांचं काम आहे. तेही करता येत नाही.

५ नोव्हेंबर

घरी आलो. पायात सळई, काखेत कुबड्या. चुकीच्या दिवशी आलो म्हणायचं. क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. भाचीने लेखी दिलंय की चावी तिच्याच गुडघ्याने बंद झाली असावी. "असावी" म्हणे! लायसन्स तूर्त काढून घेतलंय. मोठ्या कंपनीने हजर व्हायचं पत्र थांबवलं. पंधरा तारखेला शेवटची सुनावणी, मग निकाल.

मला काही सुचेना. म्हणजे खरंच तिची चूक? मीच तिला शिकवलं होतं, चावीजवळ गुडघा न्यायचा नाही. शंभर वेळा सांगितलं होतं.

संध्याकाळी तिला बोलावून घेतलं आणि बोललो. फार बोललो. विमान म्हणजे खेळणं नाही, चूक कबूल केलीस ते ठीक, पण चूक मुळात झालीच कशी. ती खाली मान घालून ऐकत होती. बायको स्वयंपाकघरातून आली आणि माझ्यावर कडाडली, "पुरे! एक अक्षर बोलू नका तिला!" छत्तीस वर्षांत हिने मला असं गप्प केलं नव्हतं. भाची तिला म्हणाली, "मामी, राहू दे ना." दोघी आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

माझ्याच घरात मी दाराबाहेर.

६ नोव्हेंबर

कुणी बोलत नाही. चहात हल्ली ही काय घालते कोण जाणे, नुसतं गरम पाणी लागतं. तक्रार केली तर कप उचलून घेऊन गेली.

१२ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

घरात बसवेना म्हणून रिक्षा करून क्लबात गेलो. हँगरला नवं छप्पर बसलंय. माझ्या जागी आलेला नवा मेकॅनिक दुसऱ्या विमानाचं काम करत होता. चांगला आहे, फक्त तोंडाने शीळ घालतो. माझ्या फळीवर माझा ग्लास ठेवलेला होता, तोच, वर्षानुवर्षं वापरून पिवळट झालेला, कडेला चरे पडलेला. अर्धा भरलेला होता. बरं वाटलं. सवयीने उचलला, उजेडाकडे धरला. रेघ नाही. नाकाशी नेला.

"शुद्ध," मी म्हणालो. "कुठल्या विमानाचं?"

त्याची शीळ थांबली. हसला. "कुठल्या विमानाचं काय मिस्त्री? नळाचं आहे. ब्रश भिजवायला घेतलंय."

मला वाटलं चेष्टा करतोय. बोट बुडवलं, जिभेला लावलं. पाणी.

मग मी त्याला म्हणालो, जरा पेट्रोलचा कॅन उघड. त्याने उघडला. मी कॅनवर वाकलो, नाक आत घातलं म्हटलं तरी चालेल. काही नाही. तो म्हणाला, "अहो मिस्त्री, चक्कर येईल, मागे व्हा." डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण वास नाही. मी तसाच वाकून उभा होतो. कुबडी खाली पडली ती त्याने उचलून दिली.

ग्लासभर नुसतं पाणी असेल तर रेघ कुठून दिसणार? रेघ दिसायला दोन्ही हवं. हे मी किती जणांना शिकवलंय. म्हणून तर वास घ्यायचा. पूर्वी तळहातावर चोळूनही बघायचो, पेट्रोल उडून जातं, पाणी राहतं. हात फुटायला लागले तेव्हा ते सोडलं. एवढं नाक असताना हात कशाला, असं म्हणायचो.

त्या रविवारी मला वास आला होता का? खूप आठवून पाहिलं. ग्लास नाकाशी नेलेला आठवतो. शुद्ध म्हटलेलं आठवतं. मधलं काही आठवत नाही. इतकी वर्षं नेतोय ग्लास नाकाशी, वास येणारच असं धरूनच चाललो असणार.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी चार बाटल्या हुंगवल्या. चारही माझ्या लेखी रिकाम्या.

"डोक्याला मार लागला की असं होतं," ते सहज म्हणाले. "अपघातातच गेला असणार वास. हवं तर लिहून देतो."

"अपघातातच?"

"दुसरं कारण काय? त्याआधी काही त्रास होता?"

मी नाही म्हणालो. त्यांनी लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. जिना उतरताना छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. अपघातात गेला, म्हणजे अपघाताआधी होता. म्हणजे पेट्रोल शुद्ध. म्हणजे मी निर्दोष. घरी येऊन पोटभर जेवलो. चव कशालाच नव्हती तरी जेवलो.

१४ नोव्हेंबर

डॉक्टरांचा कागद नीट राहावा म्हणून या वहीत ठेवायला गेलो आणि वही पहिल्या पानावर उघडली.

दूध.

मग उंदीर. दोन्ही माझ्याच अक्षरात, तारखेसकट, अपघाताच्या आधी. ऐटीत लिहिलंय मी. नाकाचा दबदबा म्हणे. पुढचं सगळं वाचलं. हॉस्पिटल, पोस्टमास्तर, संत्रं. अरे माणसा, तुला तुझंच लिहिलेलं कळत नव्हतं?

बायकोला विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे? ती भांडी घासत होती, हात थांबले नाहीत. "दुधापासून शंका होती. वाटलं तापामुळे असेल, येईल परत. नक्की पोरीने सांगितलं, हॉस्पिटलमधून आली त्या दिवशी. म्हणाली, मामी, त्याला कळू देऊ नकोस, तो जगायचा नाही." मग नळ बंद करून म्हणाली, "माझीच चूक. तुम्हाला कामावर पाठवायला नको होतं मी."

भाचीला बोलावलं. माझा चेहरा बघूनच तिला कळलं. मी म्हणालो, कबुली मागे घे. पाणी होतं. मी पाणी पाहून शुद्ध म्हणालो.

"नाही मामा."

"का नाही? तुझं आयुष्य आहे ते!"

"मीही ग्लास बघायला हवा होता. नियम मलाही होता. तू शुद्ध म्हणालास आणि मी चढले." ती हळू बोलत होती. "मला तरुणपणी चूक झाली म्हणून सोडतील कधीतरी. तुला एकोणतीस वर्षांच्या शेवटी हे लावतील. आणि सिद्ध कसं करणार? मामी म्हणाली, डॉक्टरांनी लिहून दिलंय अपघातात गेला म्हणून. तो कागद ठेव. संपलं."

"आणि तुझं डिसेंबरचं?"

ती रडायला लागली. तिच्या सहाव्या वर्षी पहिल्या चकरेनंतर खाली उतरवलं तेव्हा रडली होती, अगदी तशीच. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या पोरीला मी याच खोलीत चूक कशी करू नये ते शिकवलं होतं, नऊ दिवसांपूर्वी. मला माझी लाज वाटते. हे कुठे लिहायचं असेल तर इथेच.

१५ नोव्हेंबर

सुनावणीच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. भाची आत आहे. मी येतोय हे तिला माहीत नाही. बायकोला माहीत आहे. तिने दारात माझी कॉलर सरळ केली.

साहेब मघाशी बाहेर आले होते. त्यांना थोडक्यात सांगितलं. ते म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला भाचीबद्दल वाटणारं प्रेम मी समजू शकतो. पण असं आता कुणीही येऊन म्हणेल. आधीचा काही लेखी पुरावा आहे?" मी आहे म्हणालो. "आणि हेही लक्षात घ्या, तुमचं खरं निघालं तर तिने खोटं लिहून दिलं असं होईल. त्याचं काय ते मी आत्ता सांगू शकत नाही."

म्हणजे मी तिला वाचवतोय की आणखी बुडवतोय, मला माहीत नाही. विमानात होतो तसाच बसलोय, सीट धरून. फरक इतकाच की आज डोळे उघडे ठेवणार आहे.

डॉक्टरांचा कागद फाडून खिशात टाकलाय. आता ही वही आत द्यायची. बायकोवरची बडबड, तिला मारलेल्या हाका, भाचीला दिलेलं भाषण, सगळं परकी माणसं वाचणार. वाचू देत. त्यांच्या सोयीसाठी सुतळीचा तुकडा खूण म्हणून घातलाय.

शिपाई नाव पुकारतोय. खूण दुधाच्या पानावर आहे.